संतांचा धर्म आणि राज्याचा धर्म

राष्ट्राच्या उत्कर्षात धर्माचा वाटा किती, हा प्रश्न इतिहासाच्या प्रत्येक अभ्यासकापुढे केव्हा ना केव्हा उभा राहतोच. महाराष्ट्रात या प्रश्नाला फार दिवसांपासून एक विशिष्ट रूप आले आहे. ज्ञानेश्वर-नामदेवांपासून तुकारामांपर्यंतच्या संतमंडळाने शिवाजीमहाराजांच्या राज्याची भूमी तयार केली, की टाळमृदंगाच्या नादात लोकांस गुंगवून त्या राज्याचा उदय लांबविला? न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा मराठी सत्तेच्या उदयावरील इंग्रजी ग्रंथ १९०० साली प्रसिद्ध झाला, तेव्हापासून हा वाद चालू आहे. तो ग्रंथ आम्ही नुकताच पुन्हा अथपासून इतिपर्यंत वाचला. पूर्वी जे उत्तर पुरेसे वाटत असे ते या वेळी अपुरे वाटले, आणि ज्या आक्षेपांनी ते खोडून निघाले असे समजले जाते ते आक्षेपही तितकेच अपुरे वाटले. असे का व्हावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम रानड्यांचा पक्ष नीट समजून घेतला पाहिजे. त्यांच्यापुढे ग्रँट डफचा १८२६ सालचा इतिहास होता. सह्याद्रीच्या रानात वणवा पेटावा तशी मराठ्यांची सत्ता अकस्मात भडकली, असा त्या इतिहासाचा सूर. रानड्यांस तो मान्य नव्हता. वणव्याच्या जागी त्यांनी झाडाचे रूपक घेतले. जमीन कशी तयार झाली, बी कसे पेरले, ते कसे वाढले, झाड कसे फुलले व फळले, अशा क्रमाने त्यांनी प्रकरणे रचिली आणि या राज्याच्या मुळाशी एका पुरुषाचे साहस नसून एका समाजाची दीर्घ तयारी आहे, असे प्रतिपादिले. या तयारीत संतांस त्यांनी फार मोठे स्थान दिले. सुमारे पन्नास संतांची मालिका त्यांनी पुढे मांडली. तीत निम्म्याच्या आसपास ब्राह्मण, बाकीचे मराठे, कुणबी, शिंपी, माळी, कुंभार, सोनार, महार. शिवाय स्त्रिया आणि काही मुसलमानही. या मंडळींनी देशभाषेत वाङ्मय निर्माण केले, जातिभेदाचा कडकपणा सौम्य केला, स्त्रीची प्रतिष्ठा वाढविली, कर्मकांडाहून भक्ती श्रेष्ठ ठरविली आणि राष्ट्राची विचाराची व कृतीची पात्रता एकंदरीने उंचावली, असे त्यांचे म्हणणे. सोळाव्या शतकातील युरोपच्या धर्मसुधारणेशी त्यांनी या चळवळीची तुलनाही केली.

हे प्रतिपादन भव्य आहे यात शंका नाही. तथापि ग्रंथाच्या रचनेतच एक गोष्ट लक्षात येण्याजोगी आहे. संतांवरील प्रकरण आठवे आहे. जमीन, बी, फूल, फळ हे सर्व सांगून झाल्यावर आणि राज्यकर्ता शिवाजी रंगवून झाल्यावर ते येते. जमिनीची मशागत ज्या प्रकरणात वर्णिली आहे तेथे विषय वेगळाच आहे: सह्याद्रीचा मुलूख, गावगाड्याची घडण, दक्षिणेतल्या शाह्यांत मराठ्यांना मिळालेल्या जागा. झाडाच्या रूपकात संतांस नेमके कोठे बसवावे हे रानड्यांसही कळले नसावे, अशी शंका आम्हांस येते. ही केवळ मांडणीची अडचण नसून विचाराची अडचण आहे, हे पुढे दिसेल.

रानड्यांस खरे प्रत्युत्तर दिले ते इतिहासाचार्य विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांनी. त्यांच्या मते वारकरी संतांची शिकवण निवृत्तीची होती. तिने लोकांस सोसावयास शिकविले, झगडावयास नव्हे. सहिष्णू हिंदुधर्माच्या जागी जयिष्णू महाराष्ट्रधर्म आला तो समर्थ रामदासांमुळे, आणि राज्य उभे राहिले ते या दुसऱ्या धर्माच्या जोरावर. या मतावर पुढे एक पिढी पोसली गेली. समर्थ व शिवाजी यांची भेट १६४९ मध्ये झाली की १६७२ मध्ये, या एका तिथीवरून झालेला वाद ज्यांस ठाऊक आहे, त्यांस त्या तिथीवर किती मोठा डोलारा उभारला होता हे सांगावयास नको. भेट उशिराची ठरली तर राज्याची प्रेरणा समर्थांची हे म्हणणे ढिले पडते. म्हणून कागदोपत्री शोधापेक्षा अभिनिवेशच पुष्कळदा वरचढ झाला.

या दोन थोर पुरुषांच्या मतांवर त्यांच्या काळाची छाया आहे, हे म्हणण्यात त्यांचा अनादर नाही. रानडे प्रार्थनासमाजाचे अध्वर्यू. उपनिषदे व भक्ती यांच्या आधारे समाजाची हळूहळू सुधारणा व्हावी, हे त्यांचे जीवितकार्य. संतांत त्यांस आपलेच पूर्वज दिसले. राजवाड्यांच्या पिढीस परसत्तेचा जाच असह्य झाला होता. तिला रणांगणावर उभा करील असा धर्म हवा होता, आणि तो तिने रामदासांत पाहिला. गंमत अशी की, ज्या राजवाड्यांनी संतांस दोष दिला त्यांनीच १९०९ मध्ये ज्ञानेश्वरीची जुनी प्रत छापून प्रसिद्ध केली आणि तिच्या व्याकरणावर अपार श्रम घेतले. राष्ट्र म्हणजे काय याचा एक धागा त्या भाषेत आहे, हे त्यांच्यातील संशोधकाला कळत होते. त्यांच्यातील वादपटूने ते कबूल केले नाही इतकेच.

आता दोन्ही पक्षांस लागू पडणारा आक्षेप पाहू. ज्ञानेश्वरी लिहिली गेली १२९० मध्ये. तोरण्याचा किल्ला शिवाजीच्या हाती आला तो १६४६ च्या सुमारास. मध्ये साडेतीनशे वर्षे गेली. जे कारण साडेतीनशे वर्षे कार्य घडवीत नाही, ते एकटे कारण म्हणता येत नाही. उलट पक्षी, संतांनी समाज पांगळा केला असे म्हणावे, तर त्याच साडेतीनशे वर्षांत मराठा घराणी बहामनी, निजामशाही व आदिलशाही या राज्यांत तलवार गाजवीत होती, हे कसे जुळवावे? विजापूरच्या पहिल्या इब्राहिम आदिलशहाच्या काळी महसुलाचे दप्तर फारसीऐवजी देशी भाषेत आले आणि ब्राह्मण कारकुनांस कारभाराचा मार्ग मोकळा झाला. १६२६ मध्ये मरण पावलेल्या मलिक अंबराच्या हाताखाली मराठे स्वार गनिमी कावा शिकले. युद्ध, कारभार, जमाबंदी ही तीन अंगे मराठ्यांस साध्य झाली ती मुसलमान शाह्यांच्या सेवेत. अभंग म्हणून कोणास तलवार येत नाही आणि अभंग म्हटल्याने कोणाच्या हातून ती गळूनही पडत नाही.

तशीच दुसरी गोष्ट. लढा धर्माधर्मांतला होता असे धरले तर घटनांची संगती लागत नाही. शिवाजीने १६५६ मध्ये जावळी घेतली ती चंद्रराव मोऱ्यांकडून. १६५९ मध्ये अफजलखान चालून आला, तेव्हा मावळच्या देशमुखांपैकी कान्होजी जेधे शिवाजीकडे राहिले, तर खंडोजी खोपडे खानास मिळाले. १६६५ मध्ये मिर्झाराजा जयसिंग दक्षिणेत उतरला, तेव्हा शिवाजीविरुद्ध यश यावे म्हणून त्याने ब्राह्मणांकडून मोठी अनुष्ठाने करविली, असे सभासद सांगतो. देव तेच, मंत्र तेच. यजमान मात्र औरंगजेबाचा सेनापती! शिवाजीच्या आरमारात दौलतखान होता, फौजेत नूरबेग होता. देवळे फोडली गेली, लोकांच्या श्रद्धेस घाव बसले, त्याचा संताप खरा होता आणि त्या संतापाने राज्यास बळ दिले, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु मनुष्य कोणत्या बाजूस उभा राहतो हे केवळ त्याचा धर्म ठरवीत नाही. त्याचे वतन, त्याचे वैर, त्याचे इमान यांचाही त्यात भाग असतो.

मग धर्माने काहीच केले नाही काय? केले, आणि फार मोठे केले. राज्य निर्माण केले नाही. लोक निर्माण केले. नेवाशाचा ज्ञानेश्वर, नामदेव शिंपी, मंगळवेढ्याचा चोखामेळा, अरणचा सावता माळी, पैठणचा एकनाथ, देहूचा तुकाराम यांस एका सूत्रात गोवणारी कोणती राजसत्ता होती? कोणतीच नव्हती. यादव गेले, बहामनी आले, त्यांच्या पाच शाह्या झाल्या; सरहद्दी बदलल्या, पण आषाढी-कार्तिकीच्या वाटा बदलल्या नाहीत. निजामशाहीतला कुणबी आणि आदिलशाहीतला कुणबी वर्षातून एकदा एकाच वाळवंटात भेटत असे आणि एकाच भाषेत एकच नाम घेत असे. इरावतीबाई कर्वे यांनी वारीवरच्या आपल्या ‘वाटचाल’ या लेखात महाराष्ट्राची जी ओळख सांगितली ती याच अर्थाची: जेथले लोक पंढरीस जातात तो महाराष्ट्र. शिवाजीस हाक मारावयास हा लोक तयार सापडला. राज्य मोडले, संभाजीराजे १६८९ मध्ये मारले गेले, राजाराम जिंजीस गेले, तरीही हा लोक औरंगजेबाशी लढत राहिला. राजाविना लढणाऱ्या समाजास आपण एक आहोत ही जाणीव कोठून तरी आलेली असावी लागते. रानड्यांचे म्हणणे येथे खरे ठरते.

परंतु याच ठिकाणी रानड्यांनी न विचारलेला प्रश्न उभा राहतो. संतांच्या धर्माने लोक घडविले. पण त्या लोकांचे राज्य झाल्यावर त्या राज्याने धर्म कोणता पत्करला?

याचे उत्तर १६७४ च्या रायगडावर मिळते. गुजरातेपासून कर्नाटकापर्यंत ज्याचा दरारा पसरला होता त्या शिवाजीला राजा म्हणून मान्यता हवी होती. तिच्यावाचून त्याने दिलेली सनद सनद ठरत नव्हती आणि जुने सरदार त्यास आपल्यातलाच एक समजत होते. पण अभिषेकाचा अधिकार क्षत्रियास; आणि भोसले क्षत्रिय की नव्हेत, याविषयी देशातल्या ब्राह्मणांत संशय. काशीहून गागाभट्ट आले. सिसोद्यांशी कुळाचा संबंध जोडला गेला, चव्वेचाळीस वर्षांच्या पुरुषाची मुंज झाली, स्वतःच्याच राण्यांशी समंत्रक विवाह पुन्हा झाला, आणि मग ६ जून रोजी वैदिक विधीने अभिषेक झाला. तेवढ्यानेही भागले नाही. निश्चलपुरी गोसाव्याच्या आग्रहावरून २४ सप्टेंबरला तांत्रिक विधीने दुसरा अभिषेक झाला.

गागाभट्टांचे घराणे मूळचे पैठणचे, ही गोष्ट आम्हांस अर्थपूर्ण वाटते. ज्या पैठणात एकनाथांनी अस्पृश्याचे मूल कडेवर घेतले असे परंपरा सांगते, त्याच पैठणातून हे धर्मशास्त्र्यांचे घराणे काशीस गेले. एकाच गावातून महाराष्ट्राचे दोन धर्म निघाले म्हणावयाचे: एक माणसास जवळ करणारा, दुसरा माणसाचा अधिकार ठरविणारा. राजास गरज पडली ती दुसऱ्याची. यात शिवाजीस दोष देणे अन्यायाचे होईल. तुकोबांच्या धर्माने त्यास हजारो निष्ठावंत मावळे दिले असतील. पण कीर्तनकारास राज्याभिषेक करता येत नाही. संतांच्या धर्मापाशी प्रेम होते, वाणी होती, माणसे होती. निवाडा देणारी सभा नव्हती, अधिकार देणारा विधी नव्हता, कायद्याचे पुस्तक नव्हते. राज्यास कायदा लागतो. तो ज्याच्यापाशी आयता तयार होता त्याच्याकडे राज्य गेले.

तरी शिवाजीच्या हयातीत या कायद्याचा कडकपणा त्याच्या शहाणपणाने पुष्कळ मऊ राहिला. औरंगजेबाने बाटविलेल्या नेताजी पालकरास १६७६ मध्ये स्वधर्मात परत घेतले गेले, हे त्याचे एक उदाहरण. पण संस्थापकाचे शहाणपण वारसाने मिळत नाही. त्याने स्वीकारलेली व्यवस्था मात्र मिळते. पुढे पेशवाईत जातींचे वाद, प्रायश्चित्ते, कोणी कोणता विधी कोणत्या मंत्रांनी करावा याचे निवाडे हे सरकारी कामच होऊन बसले. श्रावणमासाची दक्षिणा राज्याच्या तिजोरीतून वाटली जाऊ लागली. पेशव्यांच्या रोजनिशांवरील आपल्या निबंधात स्वतः रानड्यांनीच शिवकालीन समतोल ढळल्याचा दोष दाखविला आहे. आणि गंमत पाहा: रानड्यांचा ग्रंथ छापून निघाला त्याच्या आदल्याच वर्षी, १८९९ मध्ये, कोल्हापुरात शिवाजीच्या गादीवरील शाहूमहाराजांस वेदोक्ताचा अधिकार आहे की नाही हा वाद उद्भवला. सव्वादोनशे वर्षे लोटली होती, राज्ये आली आणि गेली, आणि प्रश्न मात्र रायगडावरचाच! संतांच्या चळवळीने जातिभेदाचा कडकपणा सौम्य केला, हे रानड्यांचे विधान त्याच वर्षी पंचगंगेच्या घाटावर खोटे पडत होते.

यावरून रानड्यांच्या युरोपीय तुलनेचेही मोल ठरविता येते. ल्यूथरने १५१७ मध्ये आवाज उठविला आणि पुढे बायबल जर्मन भाषेत आणले, तसे आमच्या संतांनी अध्यात्म मराठीत आणले. येथपर्यंत तुलना ठीक आहे. पण ल्यूथरचा धर्म टिकला तो केवळ उपदेशाच्या बळावर नव्हे. जर्मन राजांनी तो आपल्या राज्याचा धर्म केला आणि १५५५ च्या ऑग्सबर्गच्या तहाने त्यास कायद्याचे संरक्षण मिळाले. इंग्लंडात १५३४ मध्ये पार्लमेंटने राजास धर्मपीठाचा मुख्य ठरविले आणि थोड्याच वर्षांत मठांची मालमत्ता सरकारजमा झाली. पंढरीच्या धर्मास असा एकही राजा मिळाला नाही. दुसऱ्या एका बाबतीत मात्र ही तुलना रानड्यांनी योजिली त्याहून अधिक खरी आहे. १५२५ मध्ये जर्मनीतल्या शेतकऱ्यांनी देवाघरची समता शेतावर मागितली, तेव्हा ल्यूथर जमीनदारांच्या बाजूस गेला. देवापुढची समता आणि माणसांतली समता या दोन भिन्न वस्तू आहेत, हे तिकडेही दिसून आले.

हा भेद आपल्याकडे कोणी स्पष्ट केला असेल तर तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. १९३६ च्या ‘जातिभेदाचे निर्मूलन’ या भाषणात राजकीय क्रांतीपूर्वी सामाजिक व धार्मिक क्रांती व्हावी लागते, हे दाखविताना शिवाजीपूर्वीच्या संतांचा दाखला त्यांनी दिला; म्हणजे रानड्यांचा सिद्धान्त मान्य केला. पण गांधीजींच्या टीकेस उत्तर देताना त्यांनी म्हटले की, संतांनी जातिव्यवस्थेवर हल्ला केलाच नाही. सर्व माणसे देवापुढे सारखी असे ते म्हणाले, सर्व माणसे सारखी असे म्हणाले नाहीत. काही टीकाकारांस यात विसंगती दिसते. आमच्या मते यात विसंगती नाही. एकाच सत्याच्या या दोन बाजू आहेत. माणसांस एकत्र आणण्यास देवापुढची समता पुरली. एकत्र आलेल्या माणसांस न्याय देण्यास ती पुरली नाही.

येथे कोणी म्हणेल की, संतांवर कायदा न केल्याचा आरोप ठेवणे म्हणजे गाईने नांगर ओढला नाही म्हणून तिला दोष देणे होय. हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. त्या काळी, त्या साधनांनी, त्यांनी जे केले त्याची किंमतही त्यांनी भरपूर मोजली. ब्राह्मण स्त्री असून शूद्र तुकोबांस गुरू मानल्याबद्दल संत बहिणाबाईंनी नवऱ्याचा मार खाल्ला, हे त्यांनी स्वतःच आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत लिहून ठेवले आहे. दोष द्यावयाचा तर तो नंतरच्यांस, म्हणजे आपणांस. संतांची समता गाऊन घ्यावयाची आणि व्यवहारात गागाभट्टी चालवावयाची, ही विभागणी आपण इतकी अंगवळणी पाडून घेतली की, तीत काही विपरीत आहे हेच दिसेनासे झाले. इरावतीबाईंच्या त्याच लेखात वारीतल्या ब्राह्मणांच्या व मराठ्यांच्या पंगती वेगळ्या असल्याची खंत आहे. महाराष्ट्र म्हणजे काय ते दाखविणारी वाट आणि महाराष्ट्राचे काय चुकले ते दाखविणारी पंगत, दोन्ही एकाच दिंडीत!

तेव्हा धर्म राष्ट्र घडवितो की बिघडवितो, असा प्रश्न विचारणेच आम्हांस चूक वाटते. कोणता धर्म राष्ट्राच्या गाण्यात आहे आणि कोणता त्याच्या कायद्यात आहे, हे पाहिले पाहिजे. दोन्ही एक असतील तर राष्ट्र बळकट होते. दोहोंत अंतर असेल तर राष्ट्र उत्सवाच्या दिवशी एक आणि कामाच्या दिवशी दुभंगलेले राहते.

हे अंतर भरून निघण्यास किती काळ लागतो, हे पंढरीच्या महाद्वारापाशी उभे राहिले म्हणजे कळते. तेथे नामदेवांची पायरी आहे, आणि समोर चोखोबांची समाधी आहे. मंगळवेढ्यास गावकुसाच्या भिंतीखाली सापडून चोखोबा गेले, नामदेवांनी त्यांच्या अस्थी आणून येथे ठेविल्या, असे सांगतात. लक्षावधी वारकरी त्या समाधीवर माथा टेकवून आत गेले. चोखोबांच्या जातीचा माणूस मात्र बाहेरच उभा राहिला. साने गुरुजींनी प्राण पणास लाविले तेव्हा, मे १९४७ मध्ये, ते दार उघडले. १९५० च्या घटनेने अस्पृश्यता नष्ट केली. बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क रद्द करणारा कायदा १९७३ चा. त्यावरील न्यायालयीन झगडा २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात संपला, आणि त्याच वर्षी पूजेचे काम कोणत्याही जातीच्या पुरुषास व स्त्रीस खुले करण्याचा निर्णय मंदिर समितीने घेतला. चोखोबांच्या मृत्यूचे साल परंपरेने १३३८ धरले जाते. पायरीपासून गाभाऱ्यापर्यंतचे अंतर थोड्याच पावलांचे आहे. महाराष्ट्रास ते चालावयास पावणेसातशे वर्षे लागली. आणि शेवटची पावले त्याने कीर्तनाच्या नव्हे, कायद्याच्या आधाराने टाकिली. रानड्यांच्या ग्रंथास आज एक प्रकरण जोडावयाचे झाले तर ते याच पावलांचे जोडावे लागेल, आणि ते न्यायमूर्तींसही नापसंत झाले नसते, असा आमचा विश्वास आहे.